परतीचा पाईप

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसलात तर गोष्ट कानापर्यंत येईल आणि उंबऱ्यावरूनच माघारी फिरेल. आज जी सांगणार आहे ती राजाची नाही, साधूची नाही. एका मेकॅनिकच्या उजव्या हाताची आहे. देवाने माणसाला हात दिले ते कामाला जुंपायला आणि काम झालं की जोडायला. पण तोच हात खिशात लपवायची पाळी एखाद्यावर कशी येते, ते ऐका.

या मेकॅनिकला सगळे थर्मामीटर म्हणत. हे नाव त्याला ट्रकवाल्यांनी दिलं होतं. गाडी धापा टाकत दारात आली की हा बाकीच्यांसारखा आधी हत्यारं काढायचा नाही. बॉनेट उघडायचा, तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "पाणी फिरत नाहीये हिचं." किंवा, "हिला काही झालेलं नाही, ड्रायव्हरच तापलाय, त्याला पाणी पाजा." आणि तसंच निघायचं. गल्लीतल्या बायासुद्धा तापलेली पोरं घेऊन यायच्या. हा ग्रीस पुसून पोराच्या कपाळावर हात टेकवायचा आणि म्हणायचा, "शाळा बुडवण्यापुरता आहे. दुपारी उतरेल."

अशा माणसाच्या बोटांतली जाणीव हळूहळू गेली. वर्षानुवर्षं तापलेलं लोखंड धरून गेली की आणखी कशाने, देव जाणे. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग सगळा तळवाच. चहाचा पेला गरम आहे की गार, हे ओठाला लागल्यावर कळायला लागलं. डॉक्टरकडे जायचं तर काय सांगायचं? थर्मामीटर बिघडला म्हणून? त्याने कुणालाच सांगितलं नाही. बॉनेट उघडून हात ठेवणं मात्र तसंच चालू राहिलं. डोळे मिटणंही. फक्त आता तो इंजिनच्या आवाजावरून, वासावरून, मालकाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा आणि तो हाताच्या नावावर खपवायचा. ट्रकच्या बाबतीत हे खपूनही गेलं, कारण ट्रक त्याला पाठ होते.

आता त्याच्या ताईबद्दल सांगतो. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, पहिलं पान्ह्यांचं खोकं घेऊन दिलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ती त्याला छोट्याच म्हणायची. ताईची रोपवाटिका होती. कुंड्या, रोपं, मातीची पोती एका ट्रेलरमध्ये भरायची, ट्रेलर गाडीला जोडायची आणि घाट चढून वरच्या बाजारात जायची. मध्यंतरी तिच्या डाव्या गुडघ्याने क्लचशी कायमचं भांडण काढलं, म्हणून तिने ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. "आता मी नव्वदीपर्यंत चालवते बघ," म्हणाली.

पण ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे सगळा तेलाचा संसार. तेलाच्या दाबावरच गिअर बदलतात, आणि घाटात ओझं ओढताना ते तेल उकळायला येतं. ते एका पायपाने पुढे रेडिएटरमध्ये जातं, तिथे थोडं निवतं आणि दुसऱ्या पायपाने परत येतं. एवढ्याने भागत नसेल, तर पुढे वाऱ्याच्या तोंडावर एक छोटा कूलर बसवायचा. तोही परतीच्या पायपात, म्हणजे रेडिएटरमधून आलेलं तेल वाऱ्यावर आणखी निवेल आणि गार होऊन घरी जाईल. जाणाऱ्या पायपात बसवला तर वाऱ्यावर निवलेलं तेल पुन्हा जाऊन रेडिएटरच्या कढत पाण्यातून फिरणार. म्हणजे पोराला आंघोळ घालून परत चिखलात सोडायचं.

ताईने कूलर आणला आणि सांगितलं, "छोट्या, तूच बसव. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही मी."

गाडी गरम करून दोन्ही पायपांना हात लावायचा. जो चटका देईल तो जाणारा, जो नुसता कोमट लागेल तो परतीचा. इतकं सोपं. त्याने दोन्ही पाईप धरले. दोन्ही सारखेच लागले, नुसत्या काठ्या धरल्यासारखे. ताई बाजूला उभी होती. हातातली पाण्याची झारी विसरून त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "हा."

अंदाज होता तो. बाकी काही नव्हतं.

पुढे ताई एकदा घाटाच्या पायथ्याशीच त्याच्या गॅरेजपाशी थांबली. म्हणाली, "करपल्यासारखा वास येतोय रे." त्याने खाली वाकून गिअरबॉक्सला हात लावला. लावला म्हणजे टेकवला. म्हणाला, "काही नाही, गारेगार आहे. जा तू." त्याचा हात फिरला आणि ताई निर्धास्त झाली. चढाच्या अगदी माथ्यावर गिअर सुटला, इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी ट्रेलरसकट मागे घसरली. ट्रेलर आडवा होऊन कठड्याला अडकला, म्हणून ताई वाचली. कुंड्या रस्ताभर फुटल्या. तो धावत पोचला तेव्हा ताई रस्त्याच्या कडेला बसून मुळासकट उपटलेलं एक रोप पदरात धरून होती. तिचा जावई आला होता, बाजारातली माणसं जमली होती, आणि सगळे एकच विचारत होते, "झालं काय?"

ताईही त्याच्याकडेच बघत होती. त्याला काय ते कळायचं ते तेव्हाच कळलं होतं. तरी तोंडातून निघालं, "ताई, ओझं फार भरलंस. आणि चढावर पाय जोरात दाबला असशील."

ताईची मान खाली गेली. "असेल रे," ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

लोक हो, खोटं बोलणं ही एक गोष्ट. पण ज्याने आपल्याला बोलायला शिकवलं त्याच्याच माथ्यावर ते खोटं ठेवायचं आणि त्याने निमूट ठेवून घ्यायचं, ही गोष्ट निराळी. त्या दिवसापासून थर्मामीटरला जेवण गोड लागेना.

गाडी थर्मामीटरनेच एकट्याने गिअरबॉक्सवाल्याकडे नेली. तो याच कामातला, बोलायला फटकळ. गिअरबॉक्स उघडून काळं तेल बोटावर घेत म्हणाला, "ओझ्याने नाही गेला हा. एवढं ओझं ही गाडी हसत ओढते. कूलर उलट्या पायपात होता. कुणी बसवला हो हा शहाण्याने?"

"कुणास ठाऊक," थर्मामीटर म्हणाला. "बाहेरून बसवून घेतला होता वाटतं."

गिअरबॉक्सवाल्याने जुना कूलर भंगारात टाकला, कारण आत अडकलेली काजळी धुऊन निघत नाही. गिअरबॉक्स नव्याने बांधून दिला, दोन्ही पाईप मूळच्यासारखे जोडले आणि बजावलं, "नवा कूलर बसवल्याशिवाय घाटात नेऊ नका." चूक भंगारात गेली. आता ती कुणाची, हे माहीत असणारा एकच माणूस उरला.

गाडी दुरुस्त झाली पण ताई काही तिच्यात बसेना. किल्ली खुंटीला टांगलेली. कुणी विषय काढला की म्हणायची, "वय झालं आता. माझा पाय नाही राहिला अंदाजाचा." मग ठरलं की गाडी जावई नेईल. कूलर बसवून झाला की त्याच दिवशी किल्ली त्याच्या हातात द्यायची. रोपं वरच्या बाजाराला पाठवायची तर तो आठवड्याकाठी कधी नेईल तेव्हा नेईल, आणि ताई वाटिकेत बसून पाणी घालेल. जावई मनाने सरळ होता. त्याला वाटे, आपण सासूबाईंचा भार हलका करतोय.

"आणि कूलर छोट्याच बसवेल," ताईने सांगितलं. "त्याच्या हाताशिवाय माझं समाधान होत नाही."

हे ऐकून त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तो कूलर घ्यायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. दुकानदार त्याचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला. त्याने काचेवर दोन कूलर मांडले.

"हा नळीचा. नळी वेटोळी घेत जाते, वर पातळ पत्रे. हलका आहे, पण तुझ्या ताईचा ट्रेलर म्हणजे चालती बाग. त्यापेक्षा हा घे, प्लेटचा. थरावर थर, तेल सगळ्या थरांत पसरतं, लवकर निवतं."

"मोठा देऊ नकोस. पुढे जागा बेताची आहे."

"माप आणलंयस का? की तेही हातानेच बघितलंस?" दुकानदार हसला. थर्मामीटरने मात्र माप खरंच आणलं होतं, सुतळीला गाठी मारून. जाळी आणि रेडिएटर यांच्यामधली जागा, आडवी आणि उभी. प्लेटचा मधल्या मापाचा कूलर त्यात बरोबर बसला, रेडिएटरपासून बोटभर अंतर ठेवूनही. "तोंडं वर येतील असा बसव, नाहीतर हवा कोंडेल. आणि पट्ट्यांनी बोल्ट करून बसव. जाळीतून प्लास्टिकचे बंद ओवू नकोस, घासून भोक पडतं. पाईप हा, गिअर ऑईलचा. पाण्याचा लावलास तर विरघळेल."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही, विकतोय. बरं, हे पण ने." दुकानदाराने पिस्तुलासारखं यंत्र काढलं. "नुसतं रोखायचं, किती गरम ते आकड्यात दाखवतं. परतीचा पाईप ओळखायला एकदम पक्कं. वापर आणि आणून दे."

थर्मामीटरचा हात पुढे झाला होता. खरंच झाला होता. पण काउंटरला रेललेला एक ट्रकवाला मोठ्याने म्हणाला, "अरे, थर्मामीटरला थर्मामीटर? काय दिवस आले!" दुकान हसलं. तोही हसला. हात मागे घेऊन खिशात घातला.

"ठेव तुझं खेळणं," तो म्हणाला.

घरी जाताना त्याने मनाशी बेत केला. गाल अजून शाबूत आहे. कुणी बघत नसताना पायपाला गाल लावायचा, की झालं. या वेळी काम चोख होईल, ताईच्या घरची गाडी सुखरूप चढेल, आणि मागचं मागे पडेल. देवाला सांगितलं, एवढं एकदा निभावून ने. देव अशा वेळी गप्प बसतो. गप्प बसणं हेही त्याचं बोलणंच असतं, पण ऐकू कुणाला येतं?

वाटिकेच्या आवारात, कुंड्यांच्या रांगांमध्ये गाडी लावलेली होती. त्याने पुढची जाळी उतरवली, पट्ट्या वाकवून बोल्ट केल्या, कूलर तोंडं वर करून बसवला, हलवून बघितला. काम सुबक होतं. जावई शेजारी उभा राहून म्हणाला, "मामा, तुमचं काम म्हणजे बघत बसावं." त्याने एक बोल्ट पुन्हा आवळून बघितला. मग जावयाने गाडी आवारातच पुढे-मागे फिरवून गरम केली आणि इंजिन चालू ठेवून उतरला.

आता पाईप ओळखायचा. तो खाली वाकला. गाल पुढे करणार, तोच ताई टॉर्च घेऊन शेजारी उकिडवी बसली, गुडघ्याला हात देत, कण्हत.

"तू कशाला? गुडघा दुखेल."

"दुखू दे. शेवटचंच बघतेय. उद्यापासून हिला मी कोण? परकी." तिने टॉर्च पायपांवर धरला. "लाव हात."

तिचा चेहरा वीतभर अंतरावर. त्याने डाव्या बाजूचा पाईप धरला. नुसती काठी. उजव्या बाजूचा धरला. काठी. डोळे मिटले. आता काय? मागच्या वेळी उजवा म्हणालो होतो, म्हणजे डावा म्हणावं. पण मागच्या वेळचा उजवा नक्की हाच होता का? गिअरबॉक्स खोलताना पायपांची जागा बदलली असेल तर? त्याला सांगता येईना. तो तसाच उजवा पाईप मुठीत धरून बसला. किती वेळ कोण जाणे.

"कळलं का?" ताईने विचारलं आणि सहज आपलं बोट त्याच पायपाला लावलं. "अगं आई गं!" तिने झटकन हात ओढला, बोट तोंडात घातलं. आणि मग तिचं लक्ष त्याच्या मुठीकडे गेलं. मूठ त्याच पायपावर होती. घट्ट.

"छोट्या, सोड! सोड आधी!"

तिने त्याचं मनगट धरून हात सोडवला. तळवा लाल झाला होता, मधली कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. तो त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत होता.

"तुला कळलं नाही?"

त्याने मान हलवली.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

ताईने टॉर्च टाकला, त्याला ओढत नळापाशी नेलं, हात वाहत्या पाण्याखाली धरला. लहानपणी धरायची तसाच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वेडा रे वेडा. एवढं सोसलंस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? मी एवढी परकी झाले?" जावई मलम शोधायला आत पळाला.

मंडळी, इथे तो सुटला असता. ताईला हात कळला होता, आणि हातापुरती तिची माया भरून आली होती. तिच्या मनात त्या घाटाचा विचारही नव्हता. गप्प राहिला असता तर आजारी भाऊ म्हणून त्याला दूधभात मिळाला असता. पाणी हातावरून वाहत होतं आणि ते गार आहे हेही त्याला कळत नव्हतं. ताईचे अश्रू मनगटावर पडले. मनगट अजून जागं होतं. ते गरम लागले.

"ताई, त्या दिवशीही कळलं नव्हतं," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"कूलर बसवला त्या दिवशी. अंदाजाने बसवला. उलट्या पायपात. गिअरबॉक्सवाल्याने सांगितलं मला, तरी मी म्हणालो कुणी बसवला ठाऊक नाही. आणि तू वास येतो म्हणालीस तेव्हा मी गार आहे म्हणालो, तेही असंच." तो थांबला. जावई मलम घेऊन दारात उभा होता. त्याने जावयाकडे बघून आवाज चढवला, कारण घाटात दोष दिला होता तोही चारचौघांत, मोठ्याने. "ओझं जास्त नव्हतं. पायही चुकला नव्हता. माझ्या हातामुळे झालं ते."

ताईने त्याचा हात सोडला नाही. पण तिची पकड सैल झाली. नळ वाहत राहिला. मग ती हळू आवाजात बोलली.

"हात बधिर झाला हे समजलं मला. तो काही तू केला नाहीस. पण जीभ? ती कशी बधिर झाली रे तुझी? मी रस्त्यावर बसले होते, छोट्या. पदरात उपटलेलं रोप होतं. आणि तू म्हणालास पाय दाबला असशील."

तो नळाखालच्या हाताकडे बघत राहिला. 

"महिनोन्‌महिने मी या पायाला शिव्या देतेय," ती म्हणाली. "जिना उतरताना कठडा धरायला लागले मी. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी वाटायचं, बघ, आता हातही गेला."

जावई हळूच म्हणाला, "आई, मलम..."

"त्यांना लावा." तिने पदराने डोळे पुसले आणि उठली. "आणि जावईबापू, किल्ली द्या इकडे."

"आत्ता? आई, आपलं ठरलंय की..."

"ठरलं होतं ते माझ्या चुकीवर. चूक माझी नव्हती, हे आत्ता ऐकलंत ना? द्या."

त्याने जाऊन इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून दिली. ताई गाडीपाशी परत गेली, पुन्हा उकिडवी बसली. या वेळी कण्हली नाही. दोन्ही पायपांना स्वतः बोट लावून बघितलं, एकदा, पुन्हा एकदा. मग मागे न बघता म्हणाली, "डावा कोमट आहे. आता पुढे काय करायचं ते सांग. हात लावू नकोस. नुसतं सांग."

त्याने सांगितलं. आधी सगळं निवू दे. डावा पाईप इथे सोड. रबरी पाईप पुरता आत सरकव, मग क्लिप आवळ, फार नको, रबर कापेल. रेडिएटरकडून येणारं टोक कूलरच्या या तोंडाला, गिअरबॉक्सकडे जाणारं त्या तोंडाला.  ताई करत गेली. मातीला सरावलेली तिची बोटं, क्लिपही तशीच आवळली, रोपाला काठी बांधावी तशी. मग गाडी चालू करून सगळे गिअर फिरवले, तेल कमी झालं तेवढं घातलं, सांध्यांखाली कागद धरला. कागद कोरडा निघाला.

तिने ट्रेलर जोडला. कुंड्या भरल्या, नेहमीइतक्याच. जावई म्हणाला, "मी येतो बरोबर." ती म्हणाली, "मागच्या सीटवर बसा, आणि बोलू नका."

थर्मामीटर कडेला उभा होता, मलमपट्टीचा हात छातीशी. त्याला वाटलं, ताई म्हणेल, चल. तिने काच खाली केली.

"तू येऊ नकोस आज," ती म्हणाली. "मला तुझ्याकडे बघत गाडी चालवायची नाही. डॉक्टरकडे जा. आणि जाताना गिअरबॉक्सवाल्याकडे थांब. कूलर कुणी बसवला ते त्यालाही सांग."

"सांगतो."

"दुकानदारालाही."

"ताई..."

"सांगतोस का?"

"सांगतो."

काच वर गेली. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि चढाला लागली. तो फाटकाशी उभा राहून ऐकत राहिला. कान तरी अजून त्याचेच होते. पहिला गिअर, मग दुसरा, अलगद, कुठे धक्का नाही. इंजिन ओरडलं नाही. वळणावर आवाज मंदावला, पुन्हा भरला, वर वर जात राहिला. माथ्यापाशी तो श्वास धरून उभा राहिला. आवाज माथा ओलांडून पलीकडे उतरला, आणि मग ऐकू येईनासा झाला.

मग तो निघाला. आधी गिअरबॉक्सवाल्याकडे. डॉक्टर वाटेत आधी लागत होता, तरी.

ताईने त्याला पुढे कधी हाक मारली की नाही, ते मला ठाऊक नाही. मारली असेल. बहिणीच त्या. पण एक विनवणी आहे. उद्या सकाळी हात जोडाल, आपल्यासाठी मागून झालं की, या माणसासाठीही एक घटका हात जोडून ठेवा. त्याला आपले हात एकमेकांना लागलेले कळत नाहीत. तुमचे कळतात, तेव्हा त्याची आठवण असू द्या.